तीन तुकडे आणि एक हरवलेला कोपरा

मित्राच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, एक जुनं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बघ रे, याचं काही होतंय का." आत एका फोटोचे तीन तुकडे. चौथा नव्हताच.

फोटो लहानसा, साधारण साडेआठ बाय साडेतेरा सेंटिमीटर, ब्लॅक अँड व्हाइट, काकूंच्या अंदाजाने १९५० च्या आगेमागे काढलेला. खुर्चीत बसलेल्या त्यांच्या आई, मागे उभे वडील, आणि आपल्या डाव्या हाताला खुर्चीला टेकून उभा असलेला दोनेक वर्षांचा मुलगा, तो काकूंचा मोठा भाऊ. काकू तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. फोटो मधोमध आडवा, थोडा तिरका फाटलेला आणि ती फाट नेमकी आईंच्या एका डोळ्यावरून गेलेली. वरच्या अर्ध्याचे परत उभे दोन तुकडे, ते कुणीतरी पुढच्याच बाजूने सेलोटेप लावून जोडलेले, आणि ती टेप आता पार पिवळी-तपकिरी झालेली. खालचा तुकडा सुटा, त्याचा डावा कोपरा गायब, म्हणजे मुलाचा एक हात कोपरापासून पुढे नाही आणि एक पाऊल नाही. शिवाय उजव्या कडेला ओलीचे डाग, वडिलांच्या काळ्या कोटावर निळसर चंदेरी चकाकी, आणि एकूणच सगळं फिकट.

आता हे मी पहिल्या खेपेला कसं बिघडवलं ते आधी सांगतो, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते त्यातच आहे.

मी तुकडे स्कॅनरच्या काचेवर एकमेकांना भिडवून ठेवले, फोटो ब्लॅक अँड व्हाइट म्हणून ग्रेस्केल निवडलं, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), स्कॅनरचं "ऑटो करेक्शन" चालू होतं ते तसंच ठेवलं, जेपेग केली आणि घाईघाईने फोटोशॉप उघडलं. मग दोन संध्याकाळी नुसता हीलिंग ब्रश, म्हणजे दुसरीकडचा भाग उचलून डागावर मिसळून टाकणारं हत्यार. डाग दिसला की ब्रश, टेप दिसली की ब्रश. टेपखालचा भाग तर मी जवळजवळ नव्यानेच रंगवला म्हणा ना. डोळ्यावर एक मिलिमीटरभर पांढरी पट्टी होती, तिथे काहीच शिल्लक नाही असं समजून दुसरा डोळा कॉपी केला, आडवा उलटा केला आणि बसवला. लांबून बरा दिसत होता. जवळून बघितलं की काहीतरी खटकत होतं, कारण प्रकाश एका बाजूने आलेला आणि डोळ्यातला चमकीचा ठिपका उलट्या बाजूला गेलेला, तो मी हाताने परत हलवला, तरी नजर जुळेना.

मग वैतागून चेहरा सुधारणारं एक एआय वापरून पाहिलं. दहा सेकंदात डोळे असे आले की पापण्या मोजता याव्यात. पण त्या बाई कोण होत्या कुणास ठाऊक. ही मॉडेल्स शिकतात कशी ते बघितलं की यात नवल वाटत नाही, उदाहरणार्थ २०२१ चं जीएफपीगॅन हे ७०,००० चेहऱ्यांच्या एका संचावर शिकलेलं आहे, त्या चेहऱ्यांवरून ते "इथे साधारण असा डोळा असावा" हे सांगतं आणि ते सांगणं खूप सफाईदार असतं. या एका बाईंचा डोळा कसा होता हे त्याला कुठून कळणार. अस्पष्ट पण शाबूत चेहऱ्याला ते थोड्या ओपॅसिटीवर, म्हणजे खालचं मूळ चित्र दिसेल इतकं पातळ ठेवून, कधी कधी उपयोगी पडतं, हे मान्य. जिथे काहीच नाही तिथे मात्र ते सरळ गोष्ट रचतं, आणि माझा उलटा केलेला डोळा तरी दुसरं काय करत होता?

तिसऱ्या दिवशी ती फाइल बाजूला ठेवली आणि तुकडे भिंगाखाली धरून नुसते बघत बसलो, जे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्या काळातला साधा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट म्हणजे खाली कागद, त्यावर बरायटा नावाच्या खनिज पुडीचा पांढरा थर, त्यावर जिलेटिन, आणि त्या जिलेटिनमध्ये चांदीचे बारीक कण, चित्र म्हणजे तेच कण. प्रत्येक खराबी यातल्या कुठल्यातरी थरात असते. टेपचा पिवळेपणा चित्राच्या वर आहे. ओलीचा डाग कागदात आणि जिलेटिनमध्ये मुरलाय पण खालची चांदी बऱ्यापैकी जागेवर आहे. कोटावरची चकाकी म्हणजे चांदीच दमट हवेने ऑक्सिडाइज होऊन पृष्ठभागावर आलीये आणि तिथे आरशासारखा पापुद्रा झालाय, म्हणून ती गडद भागातच दिसते, जिथे चांदी जास्त तिथे. फिकटपणा म्हणजे चांदी खरोखर झिजलेली. आणि चित्र खरंच नाहीये ते फक्त कोपऱ्यात. मी मात्र पाचही गोष्टींना एकच औषध लावत होतो, तेही चित्र पुसून वर नवीन काढायचं.

म्हणून सगळं परत स्कॅन केलं, या वेळी रंगीत. ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत का स्कॅन करायचा हा प्रश्न मला पण पडायचा. उत्तर असं की चित्र काळं-पांढरं आहे पण घाण रंगीत आहे. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचं चित्र वेगवेगळं साठवलेलं असतं, त्या प्रत्येकाला चॅनेल म्हणतात. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये तो काळाकुट्ट दिसतो, हिरव्यात मध्यम आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ दिसतच नाही. नुसता लाल चॅनेल उघडला आणि टेप गेली! म्हणजे टेपच्या कडांच्या दोन बारीक रेषा उरल्या, बाकी खालचं चित्र जसंच्या तसं, वडिलांच्या खांद्याची शिवण, मागच्या पडद्याची घडी, जे सगळं मी दोन संध्याकाळी पुसून हाताने काढलं होतं ते सगळं तिथेच होतं. ओलीचे डागही ऐंशी टक्के गेले असं डोळ्याला वाटत होतं. ग्रेस्केल स्कॅनमध्ये तिन्ही चॅनेल एकत्र होऊन येतात, मग वेगळे करायला काही राहतच नाही.

सेटिंग सांगून ठेवतो, कुणाला लागेल तर: १२०० डीपीआय, ४८ बिट रंगीत, टिफ, आणि शार्पनिंग, धूळ काढणं, रंग सुधारणं, ऑटो एक्सपोजर असलं सगळं बंद. फाइल साधारण ४००० बाय ६४०० पिक्सेल, दीडशे एमबीच्या आसपास. अशा प्रिंटमध्ये ६०० च्या वर खरा डिटेल बहुतेक वेळा फारसा नसतो, पण तड्यांच्या कडा जास्त पिक्सेलमध्ये पसरल्या की ब्रशला हात बसतो. टेप मी काढायला गेलो नाही. जुन्या टेपचा गोंद जिलेटिनला धरून बसलेला असतो, ओढली की चित्र टेपबरोबर येतं, आणि ते काम कागद-फोटो जतन करणाऱ्या माणसाचं, माझं नाही.

दुसरा फरक म्हणजे तुकडे भिडवून न ठेवता वेगवेगळे स्कॅन केले, पण सगळे एकाच दिशेने ठेवून, कारण स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो आणि तुकडा फिरवला की चुणीची सावली पण फिरते. (हीच गोष्ट उलट वापरता येते. एका ठिकाणी नुसती घडी होती, फाट नव्हती. तिथे तो तुकडा १८० अंशात फिरवून अजून एक स्कॅन घेतला, दोन्ही लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच म्हणा) जुळवून वरचा पन्नास टक्के पारदर्शक ठेवला, की एकातली सावली आणि दुसऱ्यातली चमक एकमेकांना मारतात आणि घडीचा उठाव बराचसा जातो.)

आणि मग तो डोळा. फोटो फाटतो तेव्हा कागद सरळ कापल्यासारखा फाटत नाही, तिरका सोलत जातो. एका तुकड्याच्या कडेला कागदाचा पांढरा गाभा उघडा पडतो आणि समोरच्या तुकड्यावर चित्राचा थर तेवढाच जास्त पुढे आलेला असतो. दोन्ही तुकडे काचेवर शेजारी ठेवले की मध्ये पांढरी पट्टी दिसते आणि आपल्याला वाटतं चित्र गेलं. ते गेलेलं नसतं, समोरच्या तुकड्याच्या ओठावर असतं. आता तुकडे वेगळ्या लेयरवर होते, त्यामुळे खालचा तुकडा, ज्याचं चित्र पार कडेपर्यंत होतं, तो वरच्या लेयरला घेतला, अंशाच्या दशांशात फिरवत फिरवत वरच्या तुकड्याच्या पांढऱ्या पट्टीवर सरकवला, आणि डोळा मिटल्याचा उघडावा तसा जुळून आला. मध्ये उरली चार-पाच पिक्सेलची एक केसाएवढी रेघ. फाटेच्या पूर्ण लांबीत हे जमलं नाही, काही ठिकाणी पांढरा गाभा या तुकड्यावर तर काही ठिकाणी त्या तुकड्यावर, तिथे मास्कने, म्हणजे लेयरचा हवा तेवढाच भाग उघडा ठेवून, आलटून पालटून कधी हा वर कधी तो वर असं करावं लागलं. पण डोळ्याचं काम झालं. त्या डोळ्याची वरची पापणी दुसऱ्यापेक्षा किंचित खाली होती. माझ्या उलट्या केलेल्या डोळ्यात ती तशी नव्हती, एआयच्या डोळ्यात तर नव्हतीच.

कोटाच्या चकाकीला लाल चॅनेलने थोडाच फरक पडला. पापुद्रा निळसर असल्याने लाल चॅनेलमध्ये तो कमी उजळ दिसतो एवढंच, पण तो मुळात आरसा आहे, स्कॅनरचा प्रकाश परत फेकणारच. तेवढ्यासाठी कॅमेरा काढला: फोटो सपाट ठेवून वरून ट्रायपॉडवर कॅमेरा, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशात दिवे, दिव्यांसमोर पोलरायझर फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश तेवढा जाऊ देणारी) आणि लेन्सवर पोलरायझर, तो हळूहळू फिरवत जायचं आणि एका ठिकाणी चकाकी बंद होते, अचानक, आणि कोटाची कॉलर, बटणं, खिशाची पट्टी असं सगळं वर येतं. प्रकाश बराच खाल्ला जातो, एक्सपोजर लांबतं, पण फोटो काही हलणार नसतो. कॅमेऱ्यातलं चित्र स्कॅनच्या वर लेयर म्हणून घेतलं, ऑटो अलाइनने जुळवलं आणि मास्क लावून फक्त कोटापुरतं ठेवलं. चेहऱ्यांना स्कॅनच चांगला होता.

इथपर्यंत हीलिंग ब्रशला हातही लावला नव्हता आणि सत्तर टक्के काम झालेलं होतं.

बाकीचं नेहमीचं, त्यावर फार लिहीत नाही. रिकाम्या लेयरवर काम, सॅम्पल "करंट अँड बिलो", म्हणजे ब्रश खालच्या लेयरमधून उचलतो पण मूळ लेयरला धक्का नाही. सपाट जागी हीलिंग ब्रश आणि गडद-उजेडाच्या कडेला क्लोन स्टॅम्प, जो एका जागेची हुबेहूब नक्कल दुसरीकडे उमटवतो, कारण हीलिंग ब्रश पोत तिकडचा उचलतो पण उजेड आजूबाजूचा धरतो, म्हणजे कोटाच्या कडेजवळ चालवला की काळपट ओघळ आलाच समजा. हीलिंग ब्रश फोटोशॉप ७ मध्ये, २००२ साली आला, त्याआधी लोक हे सगळं क्लोन स्टॅम्पवर करायचे, आणि अजूनही चेहऱ्यावर मला तोच जास्त भरवशाचा वाटतो, लहान ब्रश, कमी ओपॅसिटी, मोड "डार्कन" किंवा "लाइटन" ठेवायचा म्हणजे पांढऱ्या ओरखड्यावर काम करताना शेजारचं काळं हलत नाही. बारीक ठिपक्यांना डस्ट अँड स्क्रॅचेस फिल्टर, पण पूर्ण फोटोवर नाही, वेगळ्या लेयरवर फिल्टर लावून काळा मास्क आणि जिथे ठिपके तिथेच पांढऱ्या ब्रशने उघडायचं. गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये यातलं बहुतेक सगळं होतं, हील आणि क्लोन दोन्ही आहेत, नावं थोडी वेगळी एवढंच. भरलेल्या जागी शेवटी थोडा मोनोक्रोम नॉइज (बारीक करडे कण) टाकला, नाहीतर आजूबाजूला कागदाचा पोत आणि मध्येच गुळगुळीत ठिगळ असं दिसतं. फिकटपणासाठी कर्व्ह, म्हणजे कुठला करडा किती गडद-उजळ करायचा ते ठरवणारा आलेख, सगळ्यात गडद ते जवळपास काळं आणि सगळ्यात उजळ ते जवळपास पांढरं, छान ताणून घेतलं. यावर परत येतो.

राहिला कोपरा. काकूंना विचारलं, इथे काय होतं आठवतं का. "अरे, मी तेव्हा नव्हतेच, मला कसं आठवेल," हे त्यांचं उत्तर बरोबरच होतं, आणि त्या भावाला विचारायची सोय आता राहिलेली नाही. माझं म्हणणं होतं की कोपरा कोराच ठेवू या, फोटोच्या कागदाच्या रंगाचा, कळू दे की इथलं गेलंय. काकूंना भिंतीवर लावायला अख्खा फोटो हवा होता. मग दोन फाइल केल्या. एकात कोपरा कोरा. दुसऱ्यात मी भरला: जमीन कंटेंट-अवेअर फिलने (फोटोशॉप आजूबाजूचं बघून आपोआप भरतं ते), खुर्चीचा पाय समोरच्या पायावरून, मुलाचा हात त्याच्याच दुसऱ्या हातावरून उलटा करून खाली सोडलेला, आणि पाऊल म्हणजे दिसणाऱ्या पायातला बूट कॉपी करून थोडा फिरवून. या सगळ्याचा वेगळा लेयर ग्रुप केला आणि त्याला नाव दिलं "मनाचं". काकूंना सांगितलं की एवढा भाग मी बनवलाय. त्या म्हणाल्या चालतंय, दिसत तर नाही. दिसत नव्हतंच, खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमान पण होता.

प्रिंट झाली, फ्रेम झाली, भिंतीवर गेली. पुढे सहा-सात महिन्यांनी मित्राचा फोन. घरातला जुना शब्दकोश कुणालातरी द्यायला काढला, पानं झटकली आणि त्यातून एक अंगठ्याच्या दोन पेरांएवढा तुकडा पडला.

कोपरा!

मुलाचा हात खाली सोडलेला नव्हता. तो बाजूला, जरासा पुढे धरलेला होता आणि त्या हातात एक बूट होता, नाडीला धरून लटकवलेला. आणि खाली ते पाऊल उघडं, बोटं जमिनीवर पसरलेली. म्हणजे एक बूट पायात, एक हातात, आणि फोटो काढणाऱ्याने किंवा आईवडिलांनी तसाच काढून घेतला. मी त्याला मोठ्या कौशल्याने दोन्ही बूट घालून उभं केलं होतं. काकू तो तुकडा बघून इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "दादा असाच होता शेवटपर्यंत," म्हणाल्या.

तुकडा त्याच स्कॅनरवर, त्याच सेटिंगला स्कॅन केला (सेटिंग लिहून ठेवलं होतं ते इथे कामी आलं), आणि खरी गंमत पुढेच होती. बाकीचा फोटो इतकी वर्षं दमट हवेत होता, हा तुकडा मात्र मिटलेल्या पुस्तकात, घट्ट दाबून. पुस्तकाच्या कागदाचा एका कडेला तपकिरी डाग लागलेला, तो लाल चॅनेलमध्ये गेला, पण चांदी अगदी ताजी, चकाकी अजिबात नाही. म्हणजे हा फोटो छापला तेव्हा किती काळा आणि किती पांढरा होता याचा पुरावाच हातात आला.

आणि फाटेच्या दोन्ही बाजूंचा रंग मुळात एकच असणार ना! खुर्चीखालची सावली फाटेच्या अलीकडे आणि पलीकडे एकच सावली आहे, जमिनीचा करडा रंग एकच आहे. तर मी फाटेच्या कडेने जागोजागी उजेडाच्या आकड्यांच्या (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं) जोड्या घेतल्या. सावली: जुन्या भागात ५५, तुकड्यात २८. जमीन: जुन्यात १२०, तुकड्यात १०४. मुलाच्या शर्टाची कड: जुन्यात १९४, तुकड्यात २२६. अशा नऊ-दहा जोड्या झाल्या, त्या सरळ कर्व्हवर बिंदू म्हणून टाकल्या. जो कर्व्ह आला तो माझ्या आधीच्या कर्व्हपेक्षा बराच सौम्य होता. मी काळं ८ पर्यंत खेचलं होतं आणि पांढरं २५० पर्यंत, डोळ्याला "भारी" दिसावं म्हणून. मूळ फोटो तसा नव्हताच. त्यातलं काळं मऊ, थोडं उबदार, आणि कागदाचा पांढरा किंचित पिवळसर, जो मी डाग समजून पार धुऊन काढला होता. पूर्ण फोटोची झीज सगळीकडे सारखी झालेली नसते, त्यामुळे हा कर्व्ह उजव्या कडेला जसाच्या तसा चालला नाही, तिथे मास्कने कमी-जास्त करावा लागला आणि तो भाग अंदाजाचाच आहे. पण आईंच्या चेहऱ्यावर तो लावल्यावर गालाची गोलाई परत आली, जी माझ्या कडक कॉन्ट्रास्टमध्ये सपाट झाली होती आणि ते मला सहा महिन्यांत एकदाही जाणवलं नव्हतं. शेवटी लाल चॅनेलच्या करड्या चित्रावर तुकड्यातून मोजलेली ती हलकी उबदार छटा कलर मोडच्या लेयरने परत चढवली.

तुकडा बसवताना पुन्हा तीच पांढऱ्या गाभ्याची गोष्ट, फक्त या वेळी मला माहीत होतं कुठला लेयर वर घ्यायचा. "मनाचं" ग्रुप बंद केला, खाली खरा कोपरा सरकवला, फाटेवर वीस मिनिटांचं काम. पहिल्यांदा हाच कोपरा बनवायला मला चार तास लागले होते.

काकूंनी विचारलं, आता याला रंग पण देशील का. मी नको म्हटलं, कोट काळा होता की गर्द निळा की तपकिरी हे आपल्याला कुणालाच माहीत नाही, आणि एकदा हात पोळलाय माझा. त्यांनी आग्रह केला नाही. मूळ चारही तुकडे आता आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सपाट, टेप तशीच. फ्रेममधली प्रिंट बदलली.

दोन बुटांची फाइल मी अजून ठेवली आहे. मित्र म्हणतो डिलीट कर, लाज वाटत नाही का. अधूनमधून उघडून बघतो, तो दुसरा बूट खरंच फार सुंदर जमलाय.